ऐंशीच्या पुढं भरकटणारी गाडी

पनवेलला कुणी जात नाही, पनवेलवरून जातात. मीही आयुष्यभर तेच केलं. सोलापूरहून मुंबईला जाताना पहाटे डोळे उघडले की बसच्या काचेबाहेर पनवेल असायचं, आणि ते बघून मी परत डोळे मिटून घ्यायचे. यंदा मात्र सासूबाईंना घेऊन मुद्दाम पनवेलला गेले आणि तिथंच एका लॉजवर चार दिवस राहिले. त्या चार दिवसांत पुढं जाणं फार कमी झालं. जास्त झालं ते डावीकडं आणि उजवीकडं.

कारण होतं एक गाडी. लाल, दोन सीटांची, छत मागं दुमडणारी, जुनी जपानी. कॉलेजात असताना पुण्यात एका सिग्नलला अशीच एक माझ्या सायकलशेजारी थांबली होती. तिन्हीसांजेची वेळ होती. बॉनेटमधून तिचे दिवे पापण्या उघडाव्यात तसे वर आले, आणि सिग्नल सुटल्यावरही मी तिथंच उभी राहिले. पुढं लग्न झालं, मुलगा झाला, सोलापुरात माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक चाललं, पण त्या पापण्या काही डोक्यातून गेल्या नाहीत. मुलगा नोकरीला लागला तशी मी शोधायला लागले, आणि खारघरच्या एका गृहस्थांची जाहिरात सापडली.

"यात मी कुठं बसायचं?" माझ्या नवऱ्यानं फोटो बघून विचारलं.

"डावीकडं."

"आणि सामान?"

"मांडीवर."

त्यानं त्या दिवसांत ऑफिसात फार काम असल्याचं जाहीर केलं. मग सासूबाई निघाल्या. मी त्यांना आत्या म्हणते. वय पंचाहत्तर, वजन चाळीस किलोच्या आसपास. त्यांचा हिशोब सरळ होता. "तू गाडी घेऊन येणार, शेजारची सीट मोकळी आणणार. सोलापूरपर्यंत? कशाला वाया घालवायची? मी येते." म्हणून सीट वाया जाऊ नये यासाठी त्या बसनं माझ्याबरोबर पनवेलला आल्या, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी पोटाशी धरून.

बेलपाडा

खारघरच्या उंच इमारतींच्या मधोमध बेलपाडा हे मूळ गाव अजून आपली जागा धरून आहे. चार इमारती ओलांडल्या की एकदम कौलं, देवळाचा कळस आणि उन्हात वाळत घातलेली सुकट. त्या सुकटीच्या वासाच्या हद्दीवरच जाहिरातवाल्या काझीसाहेबांची सोसायटी. आत्यांनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "इथली माणसं वास वाळत घालतात का?"

काझीसाहेब जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनिअर. मूळचे श्रीवर्धनकडचे. उंच, काटकुळे, पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा. त्यांच्या बेगम रेहानाभाभींनी आल्या आल्या नारळाच्या दुधात भिजवलेलं तांदळाचं सांदण पुढं ठेवलं. आत्यांनी ते आधी बोटानं दाबून पाहिलं, मग खाल्लं, मग दुसरं घेतलं. आमच्याकडं पाहुण्याला आधी पाणी आणि गूळ. इथं आधी गोड, मग चहा, मग पुन्हा गोड, आणि कामाचं बोलणं त्यानंतर.

"डॉक्टरसाहिबा," काझीसाहेब म्हणाले. मी डॉक्टर नाही असं मी सांगितलं. त्याचा चार दिवसांत काही उपयोग झाला नाही. "गाडीत एक ऐब आहे. मी लपवणार नाही. ऐंशीच्या पुढं गेली की ती भरकटते. स्टिअरिंग सरळ धरलेलं असतं, आणि ती हळूच डावीकडं जाते. तुम्ही आणलीत की उजवीकडं जाते. मग विचार करते, परत डावीकडं."

"दुरुस्त नाही का केली?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "टायर नवे. स्टिअरिंग रॅक नवा. टायरॉड नवे. पुढचं असं काही नाही जे नवं नाही. मी जहाजाची इंजिनं उघडून जोडली आहेत, अर्ध्या समुद्रात. आणि ही—" त्यांनी हात झटकला. "म्हणून मी ठरवलंय. कागदांवर सह्या आजच करून देतो. चावी मात्र ती सीधी चालेपर्यंत माझ्या खिशात. एवढ्या लांब सोलापूरला तुम्ही जाणार आणि वाटेत काही झालं तर माझा ज़मीर मला झोपू देणार नाही."

विकणारा म्हणतोय गाडी बिघडलेली आहे म्हणून देत नाही, आणि घेणारी म्हणतेय द्या. असा सौदा मी पाहिला नव्हता. आत्यांनी मला कोपर मारून हळू आवाजात विचारलं, "यांना विकायचीय का नाही?"

हा प्रश्न मी पुढचे चार दिवस जवळ बाळगला.

संध्याकाळी काझीसाहेबांनी मला द्रुतगती मार्गावर नेलं. ते चालवत होते. कळंबोली सुटली, काटा सत्तरवर गेला, सगळं छान. ऐंशीला त्यांनी "बिस्मिल्ला" म्हटलं. नव्वदीला गाडीनं डावीकडं मान वळवली, जणू शेजारच्या ट्रकमध्ये तिच्या ओळखीचं कुणी बसलं होतं. काझीसाहेबांचे हात सारखे हलत होते, डावीकडं थोडे, उजवीकडं थोडे, आणि तोंडानं ते माझ्याशी निवांत गप्पा मारत होते. मी दाराची कडी धरली होती. त्या रस्त्याला मध्येच वळता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. शेडुंगला बाहेर पडेपर्यंत आम्ही तसेच नाचत गेलो.

परत आल्यावर आत्यांनी विचारलं, "कशी चालते?"

"आपल्या गल्लीतल्या म्हादूसारखी."

म्हादू दारू पिऊन रोज संध्याकाळी गल्लीतून जायचा. "मग काय काळजी नाही," आत्या म्हणाल्या. "म्हादू कधी घर चुकला नाही."

कळंबोली

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कळंबोलीला बाळाशेठ पाटलांकडं गेलो. पोलाद बाजाराच्या मागं त्यांचं चाकांच्या अलाइनमेंटचं दुकान. तिथं ट्रेलर येतात, बस येतात. आमची गाडी त्यांच्यामध्ये वाट चुकलेल्या बदकासारखी दिसत होती. बाळाशेठांच्या गळ्यात करंगळीएवढ्या जाडीची सोन्याची साखळी होती आणि गाडीकडं बघण्याची पद्धत अगदी डॉक्टरी. काझीसाहेबांना ते चांगलंच ओळखत होते.

"परत आली?" ते म्हणाले.

त्यांनी गाडी मशीनवर चढवली. पडद्यावर चार चाकं हिरवी दिसली. हिरवी म्हणजे ठीक.

"ताई, पुरचा सगला नवा हाय. मागचा पन बराबर हाय. मशीन खोटा बोलत नाय."

"मग भरकटते का?"

बाळाशेठांनी हाताची घडी घातली. "ते गारीला इचारा."

तोपर्यंत दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला या दुखण्यात रस निर्माण झाला होता. एक ट्रेलरचा ड्रायव्हर म्हणाला, खाडीवरचा वारा लागतो, हलकी गाडी आहे. दुसरा म्हणाला, बंपरला लिंबू-मिरची बरोबर मध्ये नाही, तीन बोटं डावीकडं आहे, गाडी तिकडंच जाणार. बाळाशेठांनी खरोखर लिंबू-मिरची मध्ये बांधली. काझीसाहेब म्हणाले, जहाजातही असं होतं, त्याला बॅलास्ट लागतो, म्हणजे तोल धरणारं वजन, आणि पुढच्या भागात वाळूची गोणी ठेवून त्यांनी एक चक्कर मारली. आता गाडी भरकटत होतीच, शिवाय खड्ड्यात नाक आपटत होती.

माझ्या कामात मी लोक कसे चालतात ते बघून पोट भरते. पेशंट टेबलवर झोपला की त्याचे दोन्ही पाय सारखे असतात. गुडघा दुखतो म्हणून येतो, गुडघ्यात काही नसतं. मी त्याला सांगते, उठा आणि चाला. दोष झोपलेल्या माणसात दिसत नाही, चालणाऱ्यात दिसतो. मशीनवर उभी असलेली ती गाडी बघताना मला तेच वाटत होतं, पण ऐंशीच्या वेगानं जाणाऱ्या पेशंटच्या मागं मी धावणार कशी?

जासई

तिसऱ्या दिवशी मी एकटीनं चालवायची असं ठरलं. जागा ठरली उरणकडं जाणारा बंदराचा रस्ता, कारण तो सिमेंटचा, रुंद आणि बराच सरळ आहे. काझीसाहेबांनी मला चावी दिली, पण चावीपासून लांब राहायला ते तयार नव्हते. म्हणून ते मागून रिक्षातून येणार होते. गळ्यात जहाजावरची दुर्बीण. मी विचारलं, रिक्षा नव्वदीनं कशी येईल? ते म्हणाले, "दुर्बीण कशाला आहे?"

जासईच्या आसपास कंटेनरची गावंच्या गावं उभी आहेत. रंगीत पेट्यांवर पेट्या, आणि त्यांच्या मधल्या फटीतून एखादं जुनं भातशेत, एखादा बगळा. आमच्याकडं क्षितिजावर ज्वारी असते. इथं क्षितिज चौकोनी आहे. रस्त्यावर ट्रेलरच ट्रेलर. रिक्षा आरशात ठिपका झाली, मग तीही गेली. मी वेग वाढवला. पंच्याऐंशीला गाडीनं उजवीकडं झेप घेतली, आणि माझ्या खांद्याशेजारी एका ट्रेलरचं चाक आलं, माझ्या डोक्यापेक्षा उंच. त्या चाकाच्या मधले नट मला मोजता आले असते. मी स्टिअरिंग ओढलं, गाडी जरा उशिरा आली, आली ती भलतीकडंच. कशीबशी रस्त्याच्या कडेला थांबवली. आयुष्यात पहिल्यांदा त्या पापण्यांचा मला राग आला. घरी फोन करावा, बसचं तिकीट काढावं, असं मी ठरवत होते, तेवढ्यात काचेवर कुणी तरी टकटक केली.

"बाय, पनवेलला जातंस काय? माजा टेम्पो बंद परला. बरफ वितलतंय."

काठापदराचं लुगडं घट्ट नेसलेली, कपाळावर मोठं कुंकू, अंगानं भरभक्कम अशी कोळीण. तिच्यामागं बंद पडलेला टेम्पो आणि टेम्पोच्या कडेला माशांच्या दोन पेट्या. नाव हिराबाय, उरणकडून पनवेलच्या बाजारात निघालेली. नाही म्हणण्याची ताकद माझ्यात नव्हती. एक पेटी डिकीत गेली. दुसरी तिनं मांडीवर घेतली आणि ती स्वतः डावीकडच्या सीटवर बसली. गाडी त्या बाजूला अशी खाली गेली की मला आभाळ थोडं जास्त दिसायला लागलं.

मी हळू निघाले. साठ. सत्तर. हिराबाय मला पापलेटचे भाव सांगत होती. काटा कधी नव्वदीवर गेला ते कळलंच नाही, कारण गाडी सरळ चालली होती. दोरी ताणल्यासारखी. मी स्टिअरिंगवरची पकड सैल केली. तरी सरळ.

मी गाडी कडेला घेतली. "हिराबाय, जरा उतरता?"

"का गं? मी काय केला?"

"पेटी घेऊन उतरा. मी एक चक्कर मारून येते."

पुढच्या वळणापर्यंत जाऊन मी परत आले. एकटी असताना ती पुन्हा म्हादू झाली होती. हिराबायला पुन्हा बसवलं, पुन्हा सरळ. पुन्हा उतरवलं. तेव्हा ती रस्त्यावर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"मना काय वजनाचा काटा समजलीस? माजं म्हावरं नासंल इथं!"

तोवर रिक्षा पोचली. काझीसाहेब दुर्बिणीसकट उतरले. मी धापा टाकत त्यांना सांगितलं की औषध सापडलं, गाडी हिराबाय बसल्यावर सरळ चालते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हिराबायकडं पाहिलं, मग अतिशय गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे गाडीबरोबर यांनाही द्यायला लागेल?"

"मी सोलापूरला नाय येनार," हिराबाय म्हणाली. "आदी मना बाजारात पोचवा."

उरण नाका

पनवेलच्या उरण नाक्यावरच्या मासळी बाजारात आम्ही पोचलो तेव्हा तिच्या शेजारणी कोयते घेऊन तिची वाट बघत होत्या. हिराबाय लाल स्पोर्ट्स गाडीतून उतरली तसा बाजार थांबला. डिकीतल्या पेटीचं बर्फाचं पाणी खाली गळत होतं. बाजाराच्या दारापाशी आधीच पाणी होतं. माझी गाडी त्यातून पुढं कोरड्या सिमेंटवर आली आणि मागं चाकांचे ओले ठसे उमटले.

मी ते बघितले आणि उभीच राहिले.

क्लिनिकमध्ये मी हेच करते. पेशंटचे तळवे ओले करते आणि त्याला कोरड्या फरशीवर चालायला लावते. फरशी सगळं सांगते.

"पाणी आणा," मी म्हणाले. "बादलीनं. चारही चाकांवर."

बाजारात पाण्याला तोटा नव्हता. मासे धुतलेलं पाणी चारी दिशांनी आलं. मी गाडी कोरड्यावर पुढं घेतली आणि करकचून ब्रेक लावला. उतरून बघितलं. उजवीकडं मागच्या चाकाचा ठसा पुढच्याच्या ठशावर नीट बसलेला. डावीकडं मात्र ब्रेक लागल्याबरोबर मागचं चाक आपल्या वाटेनं गेलेलं, चार बोटं बाहेर.

"हिराबाय, बसा."

"परत?" तिनं आभाळाकडं पाहिलं, पण बसली. आता तिलाही उत्सुकता होती. पुन्हा पाणी, पुन्हा ब्रेक. डावीकडचे दोन्ही ठसे एकावर एक. बाजारातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं विचारलं, हा कुठला देव? दुसरी बसून बघते म्हणाली. तीही हिराबायच्याच अंगाची. तिला बसवलं, तीही चालली. एक किडकिडीत गृहस्थ कोलंबी घ्यायला आले होते, त्यांना ओढून बसवलं. चाक परत बाहेर. ते बिचारे पिशवी धरून बसले होते आणि विचारत होते, "माझं काही चुकलं का?"

मागून रिक्षातून आलेले काझीसाहेब त्या ओल्या ठशांवर वाकून उभे होते. बोट लावून त्यांनी ती वाकडी रेघ शेवटपर्यंत नेली. मला वाटलं ते खूश होतील. त्यांनी ती रेघ परत पहिल्यापासून गिरवली. सदऱ्याच्या टोकाला माशाचं पाणी लागलेलं होतं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

हिराबायनं निघताना मला एक पापलेट द्यायचा प्रयत्न केला. बरोबरच्या सासूबाई शाकाहारी आहेत असं सांगितल्यावर तिला माझी फारच दया आली.

दुपारी बाळाशेठांनी गाडी वर उचलली आणि मागच्या डाव्या चाकाच्या दांड्याशी पहार लावून जोर दिला. वरच्या बाजूला, पत्र्याच्या आडोशाला, दांडा जोडाशी घट्ट धरून ठेवणारा एक रबराचा बुश होता. बाहेरून काळा, धट्टाकट्टा. पहार लागल्यावर त्यानं पुस्तक उघडावं तसं तोंड उघडलं. आतून पूर्ण फाटला होता. गाडी उभी असली की चाक जागेवर. जोर आला की सुटं. डाव्या बाजूला भरपूर वजन पडलं की फाटलेलं रबर दबून बसायचं आणि चाक शहाणं व्हायचं.

"पुरचा पाय लंगरतो म्हनून आमी पुरंच बघत बसलो," बाळाशेठ म्हणाले. "आनि मोरला होता मागचा."

तळोजा

तसा बुश कुठंच मिळेना. बाळाशेठांनी मुंबईपर्यंत फोन केले. शेवटी काझीसाहेबच म्हणाले की तळोज्याच्या कारखान्यांत त्यांचा एक जुना दोस्त लेथ चालवतो, तिथं टणक रबरी प्लॅस्टिकच्या दांड्यातून तो कातून घेता येईल. आणि ते स्वतः कातणार.

चौथ्या दिवशी सकाळी मी आणि आत्या त्यांच्याबरोबर रिक्षातून गेलो. शेडमध्ये आत्यांना एक स्टूल मिळालं. काझीसाहेबांनी चष्मा चढवला आणि कामाला लागले. हात सुरेख होता, बघत राहावं असा. पण पहिला बुश झाला, मोजला, "थोडा सैल" म्हणून बाजूला ठेवला. दुसरा झाला, "थोडा घट्ट." तिसऱ्याला त्यांना पृष्ठभाग आवडला नाही. माझ्या डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसत होते. दोस्ताला चहा आणायला पाठवलं, चहा गार झाला, परत आणायला पाठवलं.

आत्यांनी तिन्ही बुश एकदा हातात घेऊन पाहिले. मग पिशवीतून कडक भाकरी काढून एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

"काझीसाहेब, गाडी द्यायची नसली तर तसं सांगा. मेधा वाईट वाटून घेईल, पण मरणार नाही."

लेथ थांबली. भाकरीचा तुकडा दाढेखाली मोडल्याचा आवाज शेडभर झाला.

"अम्माजी, वीस वर्षं झाली. जहाजावरून सुट्टीला यायचो आणि तिच्या पुढ्यात बसायचो. ह्या वेळी काय बदलू, हाच विचार. रिटायर झालो तर सगळे म्हणाले वेळ कसा जाणार. माझा वेळ तर हिनंच..." ते थांबले. "बेटीसारखी आहे ती."

"बेटी म्हणू नका," आत्या म्हणाल्या. "बेटीत मासे ठेवून कुणी बाजारात नेत नाही. गाडी आहे. आणि रेहानाभाभी काल मला म्हणाल्या, की एकदा तरी हे माझ्याबरोबर फिरायला येतील का, सरळ चालणाऱ्या कशातही."

काझीसाहेबांनी आत्यांकडं पाहिलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. सैल, घट्ट आणि नावडता असे तिन्ही बुश त्यांनी परत उचलून बघितले, आणि दुसरा खिशात टाकला.

"हाच बसेल," ते म्हणाले. "केला तेव्हाच बसला असता."

शिरढोण

दुपारपर्यंत बाळाशेठांनी तो बसवला. आत्या रेहानाभाभींकडं गेल्या. मी आणि काझीसाहेब गोव्याच्या रस्त्याला लागलो, पळस्पे ओलांडून शिरढोणच्या दिशेनं. दोन्ही बाजूला भाताचे गुंठे, मध्ये गोदामं, पुढं कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका. मी चालवत होते. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वद. एका बोटानं स्टिअरिंग धरता येत होतं. मी हसायला लागले, आणि हसताना डोळ्यांतून पाणी का येत होतं ते मला सांगता येणार नाही.

"मला द्या," काझीसाहेब म्हणाले. "एकदा."

आम्ही जागा बदलल्या. त्यांनी आरसा नीट केला, बिस्मिल्ला म्हटलं. सत्तर, ऐंशी. नव्वदीला गाडी डावीकडं गेली. मग उजवीकडं.

परत? मी त्यांच्या हातांकडं पाहिलं. हात हलत होते. डावीकडं थोडे, उजवीकडं थोडे, पहिल्या संध्याकाळी हलत होते तसेच. पेशंटचा पाय पूर्ण बरा होतो आणि तो तरीही लंगडतो, कारण अंगाला तेच चालणं माहीत असतं. असे पेशंट मी रोज बघते.

"काझीसाहेब," मी म्हणाले, "हात सोडा. जरासे."

त्यांनी हात स्टिअरिंगपासून वीतभर दूर नेले. गाडी सरळ झाली. हात परत स्टिअरिंगवर आले, गाडी हलली. त्यांनी पुन्हा करून बघितलं. कितीदा तरी. मग शिरढोणच्या फाट्याजवळ त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि चावी काढून माझ्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली.

"गाडी सीधी आहे. भरकटतोय मी. आता ती मला जमणार नाही." ते उतरले. "डॉक्टरसाहिबा, तुम्ही निघा. आत्ताच्या आत्ता. थांबलात तर इरादा बदलेल."

"माझ्या सासूबाई तुमच्या घरी आहेत."

त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला," ते म्हणाले.

मी आत्यांना फोन केला. त्या जेवत होत्या. हातातलं सांदण संपवून निघते म्हणाल्या. आम्ही फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलो. काझीसाहेब गाडीकडं पाठ करून बसले, खांबाला तोंड करून, आणि मधूनमधून विचारत होते, "चावी आहे ना?" मी पर्स दाबून बघायचे आणि "आहे" म्हणायचे. टपरीवाल्यानं मला हळूच विचारलं, "काका रुसलेत काय?"

आत्या रिक्षातून आल्या, पिशवी आता दुप्पट फुगलेली, रेहानाभाभींचा डबा वर. त्यांनी आम्हा दोघांकडं पाहिलं आणि काही न विचारता रिक्षावाल्याला सांगितलं, "थांब. या साहेबांना माघारी न्यायचंय."

काझीसाहेबांनी आत्यांना वाकून सलाम केला. मला म्हणाले, पावसात छताचा डावा कोपरा गळतो, तिथं फडकं ठेवा. गाडीला मात्र त्यांनी हातही लावला नाही. रिक्षात बसले. आत्या माझ्या शेजारी बसल्या, पिशवी मांडीवर, आणि म्हणाल्या, "चल की. दिवे लाव ते, उघडझाप करणारे." भर उन्हात मी दिवे लावले. पापण्या वर आल्या.

आमच्या पुढं, आमच्याच वाटेनं, रिक्षा पनवेलच्या दिशेनं निघाली होती. तिची चाल काही ठीक नव्हती. ती सारखी डावीकडं जात होती, रिक्षावाला ओढून आणत होता, परत जात होती. आम्ही तिला गाठलं तेव्हा काझीसाहेब रिक्षातून अर्धे बाहेर वाकले होते. ते आमच्याकडं बघत नव्हते. एका हातानं दांडा धरून, डोळे बारीक करून, ते रिक्षाचं मागचं चाक बघत होते, आणि ओरडून रिक्षावाल्याला सांगत होते, "पुढं नाही, बेटा! मागं बघ, मागं!"